पंख पसरले म्हणजे सर्पपक्षी नव्हे

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. संध्यामठाच्या बाजूला एखादा काळा पक्षी पंख फाकवून बसला, की कुणीतरी थांबतं, सोबतच्याला कोपर मारतं आणि म्हणतं, “तो बघा सर्पपक्षी, पंख वाळवतोय!” बहुतेक वेळा तो पाणकावळा असतो. मी पूर्वी दुरुस्त करायचो. आता लिहूनच टाकतो.

पाणकावळा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. काळा, आखूड पायांचा, बोटांमध्ये पडदे, कावळ्याशी नात्यागोत्याचा काही संबंध नाही. त्यातला ‘लहान पाणकावळा’ या जातीचा पक्षी जेमतेम ५० सेंमीचा. त्याला सर्पपक्षी म्हणणाऱ्यापुढे हातच जोडावेत. घोळ होतो तो ‘भारतीय पाणकावळा’ या दुसऱ्या जातीशी, कारण तो सडपातळ आहे आणि त्याची मानही बऱ्यापैकी लांब असते. सर्पपक्षी मात्र ९० सेंमीच्या आसपास भरतो. तिरंदाज म्हणतात तो हाच. पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत दोन्ही नावं लिहून पक्ष्यांची संख्या वाढवणारे लोक मी पाहिले आहेत.

पंख दोघंही वाळवतात. त्यामुळे ही खूण बाद. “त्यांच्या अंगाला तेल नसतं म्हणून” हे कारणही सोडून द्या. तेलाची ग्रंथी दोघांनाही असते. फरक पिसांच्या रचनेत आहे. पाणकावळ्याचं पीस कडेला भिजतं, पण आतला भाग बराच कोरडा राहतो. सर्पपक्ष्याची पिसं पार चिंब होतात. त्यामुळे पोहताना त्याचं धड पाण्याखाली जातं आणि वर फक्त मान दिसते, अगदी साप पोहत असल्यासारखी. नाव तिथूनच आलं. पण याच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. पाणकावळाही कधी कधी इतका खोल पोहतो की भलेभले फसतात.

म्हणून चोच बघा. बाकी सगळं नंतर.

पाणकावळ्याच्या चोचीचं टोक खाली वळलेलं असतं, आकड्यासारखं. तो माशाचा पाठलाग करतो आणि चोचीत पकडून वर येतो. सर्पपक्ष्याची चोच सरळ आणि सुईसारखी टोकदार, आकडा नाही. तो पाठलागाच्या भानगडीत फारसा पडत नाही. पाण्याखाली सावकाश सरकतो, मान वाकडी करून दबा धरतो आणि मासा टप्प्यात आला की भोसकतो. मानेच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी जी घडी असते, तिच्यामुळे हा झटका बसतो. बसलेल्या पक्ष्याच्या मानेतही तो बाक स्पष्ट दिसतो.

कळंबा तलावावर केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला मी हे एकदा नीट पाहिलं. आधी पाण्यातून चोच वर आली, तिच्यावर आडवा टोचलेला मासा. तो मासा काही सुटेना. पक्ष्याने डोकं दोन-तीनदा झटकलं, मग मासा हवेत उडाला आणि डोक्याकडून सरळ घशात गेला. गळ्याचा फुगवटा खाली सरकताना दिसत होता. मासा गिळायच्या आधी असा सोडवून घ्यायची वेळ पाणकावळ्यावर येत नाही, कारण तो भोसकतच नाही.

उरलेल्या खुणा किरकोळ आहेत. सर्पपक्ष्याच्या पाठीवर चंदेरी रेघा असतात आणि शेपूट लांब, पंख्यासारखी. उंच गेल्यावर तो घारीसारखा तरंगतो. पाणकावळे सारखे पंख मारत रांगेनं जातात. पाणकावळे टोळीनं मासेमारी करतात, सर्पपक्षी बहुधा एकटाच.

जायचंच तर उजाडताना जा, आणि सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर दोघंही नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. माझं मत विचाराल तर मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यापेक्षा साधी आठ पट दुर्बीण बरी. कॅमेरेवाला पक्षी बघतच नाही, स्क्रीन बघतो. आणि भेळेतले चुरमुरे पाण्यात टाकून हे पक्षी जवळ येतील ही आशा सोडा. दोघांचंही पोट माशांवर आहे.