'रेमार' आणि 'अरित्र': बापलेक नव्हे, चुलतभाऊ

वल्हवण्याचे युरोपीय शब्द संस्कृत 'अरित्र'वरूनच तिकडे गेले, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो.

अर्धं खरं आहे, म्हणून पटतं. अरित्र म्हणजे वल्हं; ऋग्वेदात शंभर वल्ह्यांची 'शतारित्रा' नाव आहेच. पण स्पॅनिश-पोर्तुगीज 'रेमार', इटालियन 'रेमारे', फ्रेंच 'रामे' आले लॅटिन 'रेमुस'वरून, म्हणजे वल्ह्यावरून. त्याआधी त्याचं रूप 'रेस्मोस' होतं. रोममधल्या एका विजयस्तंभाच्या लेखात युद्धनौकेला 'त्रिरेस्मोस' म्हटलंय.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा. संस्कृतात धातूला 'त्र' लागला, पात्र-वस्त्रात लागतो तसा. लॅटिनमध्ये लागला 'स्मो'. शब्द उसना घेतला असता, तर त्या 'त्र'चा काही माग राहिला असता. धातू एकच, प्रत्यय आपापले. लॅटिनच्या कुठल्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशात 'रेमुस' काढलात, तर 'अरित्र' नातेवाईक म्हणून सापडेल, जनक म्हणून नाही.

रोमानियन तर लॅटिनचीच लेक, पण तिचं वल्हवण्याचं रुळलेलं क्रियापद 'रेमुस'वरून नाही, तर स्लाव्ह भाषांतल्या वल्ह्याच्या शब्दावरून आलंय.

आणि हो, संगणक रडतखडत चालला की फ्रेंच माणूस 'सा राम' म्हणतो. तेही वल्हवणंच; रामाशी जोडू नका.