शेळीची बाटली आणि खोकणारं कुत्रं: फुफ्फुसजंतांच्या औषधांची पार्श्वभूमी

जागलीवरचं कुत्रं ढासू लागलं, रानडुकरामागे पळताना धुऱ्यावरच दम खाऊ लागलं, की विदर्भातल्या वावरात पहिला उपाय हाताशीच असतो: शेळ्यांना पाजायची जंताच्या औषधाची बाटली. ही नुसती अडाणी समजूत आहे असं म्हणता येत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या फुफ्फुसात डिक्टिओकॉलस नावाचा पांढरा, दोऱ्यासारखा जंत होतो आणि बाटलीतलं लेव्हामिसोल त्याच्यावर उत्तम चालतं. मग कुत्र्याच्या फुफ्फुसजंतावर का चालू नये? चालतं. पण शेळीतला जंत श्वासनलिकेत असतो; मेला की खोकल्याबरोबर पडून जातो. कुत्र्यातला सर्वांत घातक फुफ्फुसजंत रक्तवाहिनीत राहतो. तिथे मेला तर त्याला बाहेर पडायला वाटच नाही. औषधांची तुलना करताना मी सगळ्यात आधी हाच फरक बघतो.

या जंताची ओळख फ्रान्समधल्या तुलूझची. 1866 साली बाये यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याला अँजिओस्ट्रॉन्गायलस व्हॅसोरम म्हणतात. मोठे जंत हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसाच्या धमनीत असतात. मादीची अंडी रक्ताबरोबर वाहत जाऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यातून निघालेली पिल्लं फुफ्फुस भेदून श्वासनलिकेत येतात, खोकल्याने घशाशी पोचतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पुढची वाढ शंखी गोगलगाईत किंवा शेंबीत (बिनशंखाच्या गोगलगाईत) होते आणि ती गोगलगाय कुत्र्याने खाल्ली की चक्र पूर्ण. खोकला, धाप आणि काही कुत्र्यांत रक्त न गोठण्याची तक्रार, अशी लक्षणं दिसतात.

गोगलगाईचं आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. 1847 साली कोलकात्यात आणलेली आफ्रिकन गोगलगाय देशभर पसरली आणि 2022 च्या खरिपात शेजारच्या मराठवाड्यात, लातूर-बीडकडे, तिने सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. तिच्या अंगात व्हॅसोरमची पिल्लं वाढू शकतात, हे ब्राझीलमधल्या प्रयोगांत दिसलं आहे.

सगळेच फुफ्फुसजंत असे नसतात. 1877 मध्ये माँट्रियलला विल्यम ऑस्लर या तरुण डॉक्टरांनी कुत्र्यांच्या श्वासनलिकेत गाठी करून राहणारा दुसराच जंत दाखवला. (हेच ऑस्लर पुढे माणसांच्या वैद्यकात मोठे झाले.) त्या जंताला गोगलगाय लागत नाही, कुत्री आपल्या पिल्लाला चाटते तेवढ्यावर तो पुढे जातो.

लेव्हामिसोल 1960 च्या दशकात बेल्जियमच्या यान्सेन कंपनीतून आलं आणि युरोपातल्या पशुवैद्यकांनी ते व्हॅसोरमवरही वापरलं. जंताच्या मज्जातंतूंवर ते इतकं जोरात काम करतं की जंत आखडून जातो आणि सगळे जवळजवळ एकदमच मरतात. मेलेल्या जंतांचे तुकडे आणि प्रथिनं थेट रक्तात. जंत मेले, पण कुत्रं धापा टाकत आडवं पडलं, अशी वेळ त्यातून येऊ शकते. शिवाय कुत्र्यात या औषधाचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं आहे: लाळ, उलटी, झोकांड्या. म्हणूनच ते मागे पडलं.

त्याची जागा फेनबेंडाझोलने घेतली. 1970 च्या दशकातलं हे औषध जंताच्या पेशींची आतली रचना मोडतं आणि त्याला हळूहळू उपाशी मारतं. धमनीत जंत असताना हा संथपणाच कामाचा. पण हिशेब करून पाहा. किलोमागे 25 ते 50 मिलिग्रॅम, रोज, 7 ते 21 दिवस. कुत्रं 15 किलोचं असेल तर वरच्या डोसने दिवसाला 750 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मिलिग्रॅमच्या 5 गोळ्या. ज्याच्या भाकरीची वेळ ठरलेली नाही, त्याला रोज 5 गोळ्या कोण चारणार? चौथ्या दिवशी खोकला कमी झाला की गोळ्या तिथेच थांबतात.

तिसरं घराणं जपानच्या मातीतून आलं. सातोशी ओमुरा यांनी मातीतला जीवाणू वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून जंतनाशक शोधलं आणि आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. 2015 चं नोबेल दोघांना मिळालं ते यासाठीच. मॉक्सिडेक्टिन आणि मिल्बेमायसिन ही याच कुळातली. मिल्बेमायसिन आठवड्यातून एकदा, चार आठवडे देतात. मॉक्सिडेक्टिन इमिडाक्लोप्रिड या पिसवांवरच्या औषधाबरोबर मानेमागच्या कातडीवर थेंबांनी सोडतात.

फेनबेंडाझोल आणि हे थेंब समोरासमोर आले ते डेन्मार्कमध्ये. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत व्हॅसोरमची लागण झालेली 50 कुत्री होती. थेंब दिलेल्या गटात 85.2 टक्के कुत्र्यांच्या विष्ठेतली पिल्लं नाहीशी झाली, तर 20 दिवस फेनबेंडाझोल घेतलेल्यांत 91.3 टक्के. आकडे वेगळे दिसले तरी एवढ्या कुत्र्यांवर तो फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण ठरत नाही. गंभीर दुष्परिणाम दोन्हीकडे दिसले नाहीत. माझ्या मते खेड्यातल्या कुत्र्यासाठी निवड इथेच होते: गोळ्या रोज चारणारा माणूस असेल तर फेनबेंडाझोल, नसेल तर थेंब.

गावात मात्र होतं भलतंच. ढोरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्यालाही टोचलं जातं. एक टक्का द्रावणात मिलिलिटरमागे 10 मिलिग्रॅम औषध असतं आणि जनावराचा डोस 50 किलोला 1 मिलिलिटर. 15 किलोच्या कुत्र्याला अंदाजाने तेच 1 मिलिलिटर दिलं, तर ढोराच्या मापाच्या तिपटीहून जास्त गेलं. गावठी कुत्रं कदाचित निभावून नेईल. कोली या विलायती मेंढपाळ कुत्र्याच्या जातीचं रक्त असेल तर तेवढ्याने जीव जाऊ शकतो. या जातीत औषधाला मेंदूत शिरू न देणाऱ्या जनुकातच दोष असतो, हे 2001 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. अल्बेंडाझोल हे जंताचं औषधही तसंच फळीवर सहज सापडणारं. लांबवलं तर कुत्र्याच्या अस्थिमज्जेवर घाव घालतं.

आणि खोकला जंतांचाच आहे हे ठरवणार कसं? आपल्याकडे डिस्टेंपर या विषाणूच्या आजारानेही कुत्री खोकतात, साध्या गोल जंतांची पिल्लं फुफ्फुसातून जातानाही खोकतात. अंडी शोधायच्या नेहमीच्या स्लाइडवर व्हॅसोरम बहुतेक हुकतो, कारण विष्ठेत अंडी नसतात, जिवंत पिल्लं असतात. त्यासाठी बेअरमन यांची 1917 ची जावा बेटावरची युक्ती आजही वापरतात. विष्ठा गाळणीच्या कापडात बांधून कोमट पाण्याच्या नरसाळ्यात रात्रभर ठेवायची. पिल्लं वळवळत खाली उतरतात. तालुक्याच्या दवाखान्यात एवढं साहित्य जमू शकतं आणि शंका राहिली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सलग तीन दिवसांचे ताजे नमुने द्यावेत, कारण पिल्लं रोज सारखी पडत नाहीत. नमुना वरून उचलावा. खरवडून घेतला तर मातीतले निरुपद्रवी जंतही पाण्यात उतरतात आणि तपासणारा चकतो. औषध संपल्यावर काही आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करावी लागते.