नाईलकाठचे सूर्य-इंजिन

कैरोच्या दक्षिणेला, नाईलकाठच्या माआदी इथे १९१३ साली सूर्याच्या उष्णतेवर चालणारा पंप नदीचे पाणी कापसाच्या शेतांकडे चढवू लागला. तो उभारला फ्रँक शुमन या अमेरिकन संशोधकाने. तारेची जाळी घातलेल्या काचेचा शोध लावणारा हाच.

पंपाला वाफ पुरवायला पाच लांबलचक आरसे होते, प्रत्येक सुमारे ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. आकार पन्हळीचा, पण साध्या अर्धगोल पन्हळीचा नव्हे, अन्वस्ताचा (पॅराबोलाचा). अन्वस्ताच्या अक्षाला समांतर आलेले सगळे किरण परावर्तित होऊन नाभीत, म्हणजे एकाच ठरावीक बिंदूत, जमतात. पन्हळीत अशा नाभींची एक रेषाच तयार होते, आणि त्या रेषेवर अरुंद बॉयलर बसवलेला. ही सूचना चार्ल्स व्हर्नन बॉइज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाची. आरसे दक्षिणोत्तर मांडलेले होते; सकाळी पूर्वेकडे कललेले, सूर्यामागोमाग आपोआप पश्चिमेकडे वळणारे. पहिले बॉयलर जस्ताचे होते. ते उन्हानेच मऊ पडून वाकले, मग लोखंडी बसवावे लागले!

शुमनची खरी हुशारी मला आरशांपेक्षा इंजिनात दिसते. बॉयलर जितका तापवावा तितकी उष्णता बाहेर निसटते. म्हणून जास्त दाबाच्या वाफेचा हट्ट सोडून त्याने साधारण हवेच्या दाबाइतक्याच वाफेवर चालणारे इंजिन बनवले. दुसऱ्या टोकाला वाफ थंड करून निर्वात करायचे. दाबातल्या त्या फरकावर दट्ट्या हलतो. एवढ्यावर सुमारे ५५ अश्वशक्ती मिळाली, म्हणजे आजच्या मापात ४१ किलोवॅट.

याला ‘काळाच्या पुढचे यंत्र’ म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. इजिप्तमध्ये कोळसा ब्रिटनहून जहाजाने येई आणि महाग पडे, तेव्हा गरज त्याच काळाची होती. (आपल्या मुंबईतही १८७०च्या दशकात विल्यम अ‍ॅडम्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने सपाट आरशांच्या उष्णतेवर वाफेचे इंजिन चालवून दाखवले होते.) घात केला तो १९१४च्या महायुद्धाने. तंत्रज्ञ पांगले, १९१८ मध्ये शुमन वारला, आणि पुढे खनिज तेल स्वस्त झाले.

कैरोच्याच दक्षिणेला कुरैमात इथे २०११ पासून नैसर्गिक वायूच्या वीजकेंद्राला सुमारे २० मेगावॅटच्या सौर भागाची जोड आहे. आरसे पुन्हा अन्वस्ताकार पन्हळींचे. मात्र नाभीवरच्या नळीभोवती आता निर्वात काच असते. उष्णतेची गळती त्यामुळे इतकी कमी होते, की आतले तेल ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवता येते.