कोल्हापूर की सांगली? वादामागचा दोनशे वर्षांचा हिशेब

सांगलीहून कोल्हापूरला निघालं की अंकलीजवळ कृष्णा ओलांडायची, उदगाव मागे टाकायचं, की जयसिंगपूर लागतं. सरळसोट रस्ते, काटकोनात कापलेल्या गल्ल्या. आजूबाजूच्या गावांच्या वाकड्यातिकड्या बोळांशी त्याचा काही संबंध नाही, कारण हे गाव आपसूक वाढलेलं नाही. 1917 च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी ते आखून वसवलं आणि वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं, नाव त्याला दिलं. जागा कुठली निवडली पाहा. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या पूर्वेच्या हद्दीवर, कोल्हापूरपासून लांब, पण सांगलीच्या बाजारापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. शिरोळ भागातला माल नदी ओलांडून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पेठेत जायचा आणि त्यावरची दलाली तिकडेच राहायची. तो माल नदीच्या अलीकडेच थांबावा, हा हेतू लपून राहणारा नव्हता.

तेव्हा ‘राहायला कोल्हापूर बरं की सांगली’ हा प्रश्न काल-परवाचा नाही. बदली झालेला बँक कर्मचारी, निवृत्तीनंतर फ्लॅट शोधणारे गुरुजी, पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडणारं कुटुंब, सगळे तो आजही विचारतात. उत्तरं मात्र बहुतेक वेळा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आणि भडंगावर येऊन थांबतात. खाण्यापिण्याचा मुद्दा सोडून देऊ. पन्नासएक किलोमीटरवरच्या गावांत जिभेचा फरक असून असून किती असणार? खरा फरक आहे तो कुठल्या राजाने काय, कुठे आणि कशासाठी बांधलं याचा. आज नळाला येणारं पाणी, दवाखान्याचं अंतर, कोर्टाचा हेलपाटा, सगळं त्या जुन्या आखणीवर चाललेलं आहे.

सांगलीचा जन्मच भाऊबंदकीतून झाला. मिरजेची जहागीर पटवर्धनांची. चिंतामणराव आप्पासाहेब वयात आले तेव्हा कारभार पाहणाऱ्या चुलत्यांशी, गंगाधररावांशी, त्यांचं बिनसलं. 1801 मध्ये ते वाटणी घेऊन बाहेर पडले आणि कृष्णाकाठच्या एका लहानशा गावात त्यांनी राजधानी केली. किल्ला बांधला, गणपतीचं देऊळ उभारलं, व्यापारी आणून वसवले. इकडे 1820 मध्ये मिरजेचीही थोरली आणि धाकटी पाती अशी दोन शकलं झाली. धाकट्या पातीचा कारभार पुढे बुधगावात गेला. म्हणजे सांगली, मिरज आणि बुधगाव, तीन राजधान्या एकमेकींपासून दहा किलोमीटरच्या आत! कुणाकडेही मोठा मुलूख नाही, मोठा महसूल नाही, आणि एकाने बांधलेल्या गोष्टीचा दुसऱ्याला उपयोग करून द्यायची इच्छाही नाही.

अशा ठिकाणी व्यापार वाढतो, कारण राजा व्यापाऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही. सांगलीची हळद अशीच मोठी झाली. हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथल्या मातीत पेवं खणली गेली. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची; किडायची नाही, रंगही उतरायचा नाही. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जीव घेते. वर गोदामाचं भाडं नाही, खाली माल सुरक्षित, आणि पेवातल्या मालाच्या पावतीवर पैसा फिरता. शहरातल्या वखारभागाचं नाव याच व्यापाराची खूण सांगतं. 2005 च्या पुराने हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. आता हळद मार्केट यार्डाच्या परिसरातल्या गोदामांत आणि शीतगृहांत राहते. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर हा साठवणुकीचा प्रकार जवळपास इतिहासजमा झाला होता.

चिंतामणरावांच्याच आश्रयाने 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. एवढं सांगून पुढे जाऊ. नाट्यपंढरीत राहणाऱ्याला रोजच्या जगण्यात त्याचा फायदा किती, हा प्रश्न सांगलीकरांनीच एकमेकांना विचारावा.

कोल्हापूरचं सगळंच वेगळं. तिथे छत्रपतींची गादी, म्हणजे मुलूख मोठा, मान मोठा आणि राजधानी एकच. 1894 ते 1922 या काळात शाहू महाराजांनी या एका शहरात जे ओतलं त्याला तोड नाही. 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी. 1901 पासून एकामागून एक बोर्डिंगं: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम. 1906 मध्ये कापड गिरणी. 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान, 1915 मध्ये शेजारीच पॅलेस थिएटर, पुढे ज्याला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणू लागले. ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, ती उगीच नाही.

यातली बोर्डिंगं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं आणि त्याला राहायला जागा मिळाली, की ते पोर परत जात नाही. गेलं तरी पुढच्या पोराला पाठवतं. कोल्हापूरच्या आसपासच्या दोन-तीन पिढ्यांनी ‘शहर’ म्हणून जे पहिल्यांदा पाहिलं ते या वसतिगृहांच्या खिडकीतून. सांगलीकडे शिक्षण कमी नव्हतं. 1919 मध्ये विलिंग्डन महाविद्यालय निघालं, 1947 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज वालचंद म्हणून ओळखलं जातं. पण विलिंग्डन उभं राहिलं ते सांगली आणि मिरजेच्या अधेमधे माळावर. ते सांगलीचं की मिरजेचं, हे ठरवायची सोयच नाही.

दुसरी गोष्ट राधानगरीची. 1907 नंतर भोगावतीवर धरणाचं काम सुरू झालं; पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं, पण नदीवर बांध घालून पाणी धरून ठेवायचं हे संस्थानाने ठरवलं होतं. त्याची फळं ऊस, गूळ, साखर कारखाने आणि त्यांच्या यंत्रांची दुरुस्ती करणारं उद्यमनगर. उसाचे घाणे आणि ऑईल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींच्या हातातून इथले फौंड्री उद्योग उभे राहिले, ते पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला पसरले.

रेल्वेत मात्र पटवर्धनांच्या मुलखाला दान पडलं. पुण्याहून दक्षिणेला जाणारी मुख्य लाइन मिरजेवरून गेली आणि कोल्हापूर संस्थानाला 1891 मध्ये स्वतःचा पैसा घालून मिरजेपर्यंत फाटा काढावा लागला. आजही कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे. तिथून पुढे रूळ नाहीत, कोकणातल्या वैभववाडीचा मार्ग कागदावरच फिरतो. मिरजेच्या जंक्शनने दवाखाने आणले. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि कर्नाटकातून, सोलापूरकडून, अगदी कोल्हापुरातूनही पेशंट मिरजेला येत राहिले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेहूनच, कृष्णेचं पाणी भरून. पण रस्त्याच्या युगात पारडं फिरलं. पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या अंगणातून जातो. सांगलीला पेठ नाक्यावरून आत वळावं लागतं, आणि त्या रस्त्याच्या खड्ड्यांवर सांगलीकरांच्या कित्येक वर्षांच्या शिव्या खर्ची पडल्या आहेत. विमानाचंही तेच. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला 1939 मध्येच धावपट्टी झाली होती. कवलापूरच्या विमानतळाची मागणी सांगलीत आजही चालू आहे.

सांगली संस्थान मार्च 1948 मध्ये विलीन झालं, कोल्हापूर जवळपास वर्षाने, 1 मार्च 1949 ला. कोल्हापूरचा जिल्हा झाला तो जवळपास आयता: एक संस्थान, एक राजधानी, एक जिल्हा. सांगलीचा जिल्हा शिवावा लागला. पटवर्धनांचे तुकडे, जत संस्थान, औंधची काही गावं (किर्लोस्करवाडी त्यातलीच) आणि साताऱ्याचे तालुके जोडून 1949 मध्ये त्याला ‘दक्षिण सातारा’ म्हटलं गेलं. सांगली हे नाव मिळायला 1960 चा नोव्हेंबर उजाडला. अकरा वर्षं स्वतःच्या जिल्ह्याला दुसऱ्या गावाचं नाव! त्यानंतर दोन वर्षांत, 18 नोव्हेंबर 1962 ला, शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात सुरू झालं. सांगलीच्या पोरांचे गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रासाठीचे कोल्हापूरचे हेलपाटे तेव्हापासूनचे.

सांगलीला या काळात जे मिळालं ते बरंचसं वसंतदादा पाटलांमुळे: सहकारी साखर कारखाना, मार्केट यार्ड, मुंबईत वजन. पण दादांनंतर तसा माणूस राहिला नाही, आणि शहर म्हणून एकत्र आवाज काढायची सवय सांगलीला लागलेली नव्हती. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. कागदावर शहर एक झालं, पण मिरजेचा निधी सांगलीने पळवला, कुपवाडला काहीच आलं नाही, ही भाषा सभागृहात अजून ऐकू येते. थोरल्या-धाकट्या पातीचा तंटा महापालिकेच्या अंदाजपत्रकात आला, इतकाच काय तो फरक.

उलट कोल्हापूरची अडचण. 1972 मध्ये महापालिका झाली आणि तेव्हापासून हद्द इंचभर वाढलेली नाही. सुमारे 67 चौरस किलोमीटर, त्यात 2011 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाख माणसं. सांगली-मिरज-कुपवाडकडे पाच लाखांना 118 चौरस किलोमीटर. हद्दवाढ म्हटलं की आसपासची गावं बंद पुकारतात, कारण शेती जाईल, घरफाळा वाढेल. 2017 मध्ये तोडगा म्हणून 42 गावांचं प्राधिकरण काढलं, त्यावर गावंही खूश नाहीत आणि शहरही नाही. शहरात जागा महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

राहण्याच्या दृष्टीने खरा निकाल लागतो पाण्यावर, आणि इथे दोन्ही शहरांची खोड एकच: नाला वरून सोडायचा आणि खालून नदी प्यायची. कोल्हापूरचा जयंती नाला पंचगंगेत, सांगलीचा शेरीनाला कृष्णेत. शेरीनाल्यावर सांगलीत किती निवडणुका लढल्या गेल्या ते मोजायच्या पलीकडे आहे. वारणेतून पाणी आणायची योजना भाषणांतून वाहत राहिली. कोल्हापूरकरांनी मात्र रेटा लावून काळम्मावाडी धरणातून सुमारे 53 किलोमीटरची थेट पाईपलाईन ओढून घेतली. 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचलं. गळतीच्या आणि पंप बिघडल्याच्या बातम्या येत असतात, तरी धरणाचं पाणी ते धरणाचं पाणी.

पुराचं गणित वेगळं. सांगलीत आयर्विन पुलावर 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. राजवाडा, हरभट रोड, मारुती रोड, म्हणजे जुनी राजधानी आणि जुनी पेठ पाण्याखाली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये 55 आणि 2021 मध्ये 56 फूट ओलांडले. तिथे सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली बुडते, पण शहराचा मोठा भाग उंचावर राहतो. त्याची शिक्षा दुसरीकडून मिळते: शिरोलीजवळ महामार्ग बंद, नदीकाठचे पंप पाण्यात, आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात प्यायच्या पाण्याच्या टँकरपुढे घागरींची रांग.

या पुरांनी सांगलीचं एक काम केलं, जे कुठल्याही नगररचनाकाराला जमलं नव्हतं. माणसं गावभाग सोडून विश्रामबागकडे, मिरज रस्त्याकडे सरकली. नवं जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेलं. दोनशे वर्षांपूर्वी भांडून वेगळी झालेली दोन गावं त्या रस्त्यावर हळूहळू एक होत आहेत, आणि माझ्या मते आज या पट्ट्यात राहण्याइतकं सोयीचं कोल्हापुरातही फारसं काही नाही: सपाट, रुंद, कॉलेज चालत, मिरजेचे दवाखाने रिक्षाच्या अंतरावर. कोल्हापूरकर यावर ‘नाद खुळा’ म्हणून हसतील. हसू देत.

त्यांच्याकडे जे आहे ते सांगलीला अजून जमलेलं नाही, ते म्हणजे एकदा डोक्यात घेतलं की सोडायचं नाही. रस्ते प्रकल्पावर बसलेला टोल त्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून रद्द करून घेतला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकं भांडले, सांगलीचेही त्यात होते. पण ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं ते कोल्हापुरात. सांगलीच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे खरंच. आता तो सकाळी अंकलीचा पूल ओलांडून, जयसिंगपूरवरून कोल्हापूरला जातो आणि संध्याकाळी घरी परततो.