बर्डीतला टीव्ही गेम: ६० पिनांच्या नकली कन्सोलची पार्श्वभूमी

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर किंवा घरच्या माळ्यावर जे जुने टीव्ही गेम अजून सापडतात, त्यांतला एखादा बाहेरून हुबेहूब प्लेस्टेशन असतो. सीडीचं गोल झाकण उघडावं तर खाली कॅसेटची खाच. त्या खाचेत ६० पिना असतात. हा डबा कुठून आला, त्यात काय चालेल आणि काय बिघडेल, हे बहुतांशी त्या आकड्यावरून ठरतं.

निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्ही गेमचा कन्सोल आणला. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या, दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. १९८५ मध्ये तेच यंत्र एनईएस नावाने अमेरिकेत गेलं, तेव्हा पिना ७२ झाल्या आणि अंतर २.५० मिलिमीटर. हिशेब सरळ आहे: आवाजाच्या दोन पिना (४५ आणि ४६) काढल्या, एक्स्पान्शन पोर्टच्या (जादा उपकरण जोडायच्या खालच्या जागेच्या) १० घातल्या, आणि कुलपाच्या ४. कुलूप म्हणजे सीआयसी ही चिप, एक कन्सोलमध्ये आणि एक कॅसेटमध्ये. दोघींचं जुळलं नाही की कन्सोलमधली चिप साधारण सेकंदाला एकदा रीसेट देत राहते आणि पडदा लुकलुकतो.

परवान्याशिवाय गेम विकणाऱ्यांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. कलर ड्रीम्स कंपनीच्या कॅसेटी व्होल्टेजचा झटका देऊन कन्सोलमधली चिप गोठवायच्या. निन्टेंडोने पुढच्या बोर्डांवर त्याविरुद्ध बंदोबस्त केला. ऑस्ट्रेलियातल्या एचईएस कंपनीने आपल्या कॅसेटच्या डोक्यावर आणखी एक खाच ठेवली. तिथे परवान्याची कॅसेट बसवायची आणि तिची चिप उसनी घ्यायची. अटारी गेम्सच्या टेंजेनने तर कुलपाचा प्रोग्राम अमेरिकी कॉपीराइट कार्यालयातून मिळवून स्वतःची चिप बनवली, आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयात ते त्यांच्या अंगलट आलं.

तैवानच्या कारखानदारांना या भानगडीत पडायची गरजच नव्हती. जपानी फॅमिकॉमला कुलूप नव्हतं, म्हणून नक्कल झाली ती बहुतेक त्याचीच. मायक्रो जीनियस, रशियात १९९२ पासून विकला गेलेला डेंडी, भारतात मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर: नावं वेगळी, पण या घराण्याची खाच ६० पिनांची.

या नकलांमधलं सगळ्यात हुशारीचं काम तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांमध्ये आहे, आणि त्याचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं. जपानी गेम ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीसाठी लिहिलेले. भारतातला टीव्ही पाल-बी पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. निन्टेंडोच्या स्वतःच्या पाल कन्सोलमध्ये प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि चित्राच्या चिपशी त्याचं प्रमाण १ ला ३.२ होतं. जपानी कॅसेट त्यावर लावली की काही गेमची वेळ चुकते, स्कोअरची पट्टी थरथरते. यूएमसीने यूए६५२७पी आणि यूए६५३८ या जोडीत २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपांना ठोके देणारा भाग) प्रोसेसरसाठी १५ ने भागला आणि चित्रासाठी ५ ने. प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर आला, म्हणजे जपानी १.७९ च्या अगदी जवळ, आणि १ ला ३ हे मूळ प्रमाण शाबूत राहिलं. पालच्या ३१२ ओळींमधल्या जास्तीच्या ५० ओळी चित्र संपल्यावर नुसत्या वाट पाहण्यात घालवल्या. प्रोग्रामला ‘आता पडदा बदल’ असा इशारा त्यानंतरच मिळतो. त्यामुळे जपानी गेम न बदलता चालतात. ते सुमारे १७ टक्के संथ चालतात, संगीताची लयही तेवढीच संथ होते, पण सूर एक टक्क्याहून कमी उतरतो. याच चिपांच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये आवाज बनवणाऱ्या चौकोनी तरंगाच्या २५ आणि ५० टक्क्यांच्या रुंदी मात्र अदलाबदल झालेल्या आहेत. ज्यांनी लहानपणी असा गेम खेळला आणि पुढे मूळ आवाज ऐकला, त्यांना तो वेगळा वाटतो तो यामुळेही.

भारतातल्या टीव्हीचा आणखी एक नियम पाहूनच जुना डबा घ्यावा. अँटेनाच्या वायरीने जोडायच्या कन्सोलमध्ये आवाज चित्रापासून फ्रिक्वेन्सीच्या ठरावीक अंतरावर पाठवला जातो. पाल-बी मध्ये ते ५.५ मेगाहर्ट्झ, हाँगकाँगच्या पाल-आय मध्ये ६, चीनच्या पाल-डी मध्ये ६.५. म्हणून चीनच्या बाजारासाठी बनलेला डबा इथल्या जुन्या टीव्हीवर स्वच्छ चित्र देतो आणि आवाजाच्या जागी खरखर. यात बिघाड काहीच नसतो. एव्हीची पिवळी-पांढरी पिन असेल तर ती वापरावी. नसेल तर मॉड्युलेटरच्या, म्हणजे अँटेनाचा सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या, आधीच व्हिडिओ आणि आवाज काढून घ्यावा.

१९९० च्या दशकात चिपांची जोडी जाऊन सगळं एकाच चिपमध्ये आलं. आजच्या डब्यात बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा एक गोळा दिसतो तो हाच. गोळा खराब झाला की दुरुस्ती संपली, कारण आतली तार तुटली की जोडता येत नाही. त्याउलट यूएमसीच्या सुट्या चिपा ४० पायांच्या असतात, उतरवून बदलता येतात. त्यामुळे पैसे मोजायचे तर जुन्या, जड डब्यासाठी मोजावेत. गोळ्याच्या कन्सोलवर साध्या बोर्डाचे गेम, म्हणजे ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्र, नीट चालतात. ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटींचा मेनू अशाच मूठभर गेमची नावं फिरवून भरलेला असतो. कॅसलव्हेनिया ३ सारखे एमएमसी५ चिपचे गेम मात्र बहुतेक गोळ्यांवर सुरूच होत नाहीत.

आता अडॅप्टर. ७२ पिनांची कॅसेट ६० च्या डब्यात लावणारा अडॅप्टर स्वस्तातला असेल तर हमखास एक तक्रार येते: चित्र येतं, आवाज नाही. फॅमिकॉमचा आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो. जपानी कॅसेटमध्ये या दोन पिना आतच जोडलेल्या असतात. एनईएसच्या कॅसेटमध्ये त्या पिनाच नाहीत. अडॅप्टरवर ४५ आणि ४६ मध्ये तारेचा छोटा तुकडा डाखला की काम झालं. उलट दिशेला, म्हणजे ६० ची कॅसेट ७२ च्या कन्सोलवर, कुलूप आडवं येतं. १९८५ च्या जायरोमाइट या गेमच्या काही कॅसेटींमध्ये निन्टेंडोनेच घातलेला कुलपासहित अडॅप्टर सापडतो. नाहीतर कन्सोलमधल्या सीआयसीचा ४ नंबरचा पाय उचलून जमिनीला (ग्राउंडला) जोडावा लागतो. कॅसेटमधला जादा आवाज हवा असेल आणि अडॅप्टरने तो एक्स्पान्शनच्या पिनेवर आणला असेल, तर खालच्या पोर्टच्या ३ आणि ९ मध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर बसतो.

सगळ्यात जास्त डबे मरतात ते चुकीच्या वीजपुरवठ्याने. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या जॅकची मधली पिन ऋण असते. एनईएसचा पुरवठा ९ व्होल्ट एसी आहे, कारण त्याच्या पोटात एसीचा डीसी करणारा स्वतःचा रेक्टिफायर आहे. जॅक बसला म्हणून एनईएसचा अडॅप्टर नकली डब्याला लावला तर कपॅसिटर आणि ७८०५ (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) जाऊ शकतात. नकली डब्यांमध्ये ध्रुव ठरलेले नसतात. जॅकपासून ७८०५ च्या मधल्या पायापर्यंत मल्टिमीटरने जमीन शोधून मगच वीज द्यावी. ७८०५ ला किमान ७ व्होल्ट हवेत, पण त्यापुढचा प्रत्येक व्होल्ट उष्णता होतो: ४०० मिलिअँपिअरला ९ व्होल्टवर १.६ वॅट, १२ व्होल्टवर २.८. जुने ट्रान्सफॉर्मरवाले ‘९ व्होल्ट’चे अडॅप्टर हलक्या भारावर १२ च्या आसपास जातात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे असताना हीटसिंक नसलेला ७८०५ तापून स्वतःला बंद करतो आणि गेम मध्येच अडकतो. हीटसिंक लावा, किंवा सरळ ७.५ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर घ्या. डबा कूलरच्या झोतात ठेवून थंड करू नये. त्या ओलाव्याने खाचेच्या पिना काळ्या पडतात. पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पॉलिश पेपरने कधीच नाही.

कंट्रोलरचा ९ पिनांचा प्लग सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलसारखाच दिसतो, वायरिंग मात्र वेगळं. सेगात ५ व्होल्ट ५ नंबरच्या पिनेवर असतात, बहुतेक नकली फॅमिकॉममध्ये ६ वर. बर्डीत सुटा कंट्रोलर घेताना जुना उघडून तारांचे रंग आणि पिना लिहून न्याव्यात.

फ्लॅट टीव्हीवर यांचं चित्र उड्या मारतं, कारण हे कन्सोल सरळ ३१२ ओळी देतात, अर्धी-अर्धी गुंफलेली ६२५ नव्हे. स्वस्त एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टर त्यांना गुंफलेलं समजून चित्र दोन तुकड्यांत जोडतो. २४०पी आणि २८८पी, म्हणजे न गुंफलेलं चित्र, ओळखणारा कन्व्हर्टर मागून घ्यावा. पडद्यावर नेम धरायची गेमची बंदूक मात्र कुठल्याही कन्व्हर्टरने चालणार नाही. ती काचेच्या ट्यूबवरचा प्रकाश नेमक्या त्या क्षणी पकडते आणि फ्लॅट टीव्ही तोवर मागे पडलेला असतो. बंदुकीसाठी जुना ट्यूबचा टीव्ही भंगारात देऊ नये.