चीज फुटतं ते का?

क्रीमी पास्ता म्हटलं की आपला हात आधी क्रीमच्या डब्याकडे जातो. पण रोमचा 'काचो ए पेपे' बघा. पास्ता, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो रोमानो चीज आणि काळी मिरी, एवढंच साहित्य. क्रीम नाही, लोणी नाही, तरी सॉस दाट आणि तुकतुकीत. बिघडला मात्र तर चीजचा चिवट गोळा एकीकडे आणि पाणी एकीकडे. इटलीतल्या घरांतही हे होतं.

हा गोळा होतो कसा, हे आठ इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध २०२५ साली 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. पुरस्कार गमतीचा असला तरी काम अगदी काटेकोर आहे, आणि स्वयंपाकघरात थेट उपयोगी पडणारं आहे.

चीज म्हणजे प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेली चरबी आणि पाणी. तापमान साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. उकळत्या पाण्यातून काढलेला पास्ता याहून कितीतरी गरम असतो. त्यावर लगेच चीज किसून घातलं की बेत फसलाच.

इथे मदतीला येतो स्टार्च. गरम पाण्यात त्याचे कण फुगतात, पाणी दाट होतं आणि प्रथिनांना एकत्र यायला अडथळा होतो. ताकाची कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो, त्यामागेही हेच शास्त्र आहे.

मग पास्त्याचं पाणी घातलं की काम भागेल? बहुतेकदा नाही. भरपूर पाण्यात पास्ता उकळला तर त्यात स्टार्च फारच कमी उतरतो. या संशोधकांच्या मोजणीत चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गुठळ्या होतात आणि ४ टक्क्यांच्या वर गेला तर सॉस थंड झाल्यावर घट्ट बसतो. २ ते ३ टक्के प्रमाण नेमकं. म्हणजे १०० ग्रॅम चीजला अडीच ग्रॅम कॉर्नफ्लोअर.

ते आधी २५ ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं पाणी हळूहळू पारदर्शक होतं, चमच्याला जड लागतं. लगेच खाली उतरवून त्यात ५० ग्रॅम गार पाणी घालायचं. ही पायरी गाळू नका, कारण तापमान खाली येतं ते इथेच. मग किसलेलं चीज घालून मिक्सरमधून फिरवायचं, भाजून भरडलेली मिरी घालायची आणि पास्ता मिनिटभर निवल्यावर त्यात हा सॉस कालवायचा. सॉस दाट वाटला तर पास्त्याचंच थोडं पाणी घाला. मीठ बेतानं, पेकोरिनो मुळातच खारट असतं.

पेकोरिनो आपल्याकडे महाग आहे आणि सगळीकडे मिळतही नाही. मुरवलेलं, सुकं, किसता येईल असं दुसरं चीज चालेल, चव अर्थातच वेगळी येईल. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबला हा खटाटोप लागत नाही. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात, ते प्रथिनांना बांधणारं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून ते गुठळ्या न होता वितळतं. पनीर मात्र किसून घालू नका. आम्ल घालून फाडलेल्या दुधाचं ते, कितीही तापवलं तरी वितळत नाही.