१९८५ चा जपान, सांगलीच्या टीव्हीवर

सांगली-मिरजेकडच्या पस्तिशी-चाळिशीतल्या चार माणसांना एकत्र बसवा आणि जुन्या व्हिडिओ गेमचा विषय काढा. मारियो आणि कॉन्ट्रा पहिल्या दोन मिनिटांत संपतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘ते दोन पेंग्विन असायचे बघ, एक डावीकडं गेला की दुसरा उजवीकडं.’ दुसऱ्याला सिंहावर बसून आगीतनं जायची सर्कस आठवते. तिसऱ्याला पेट्रोल संपत आलेली लाल गाडी. प्रत्येक स्टेज पाठ, संगीत गुणगुणता येतं, नाव मात्र एकालाही सांगता येत नाही.

यातले बहुतेक गेम १९८४ ते १९८६ या काळातले आणि जपानी आहेत. त्यांपैकी बरेच अमेरिकेत घरगुती यंत्रासाठी कधी विकलेच गेले नाहीत. आपल्याकडे मात्र ते दहा-पंधरा वर्षं उशिरा आले आणि तासगाव, विटा, इस्लामपूर, कराडच्या पोरांना तोंडपाठ झाले. कुठले गेम आपल्या वाट्याला यायचे हे कुठल्या कंपनीने ठरवलं नव्हतं. ते बऱ्याच अंशी ठरलं मेमरीच्या आकारावर.

सुरुवात १५ जुलै १९८३ ची. निन्टेंडोने त्या दिवशी जपानात फॅमिकॉम नावाचं यंत्र १४,८०० येनला बाजारात आणलं. आत रिको कंपनीची चिप होती, आणि तिचा गाभा होता १९७५ सालच्या स्वस्त आणि मस्त ६५०२ प्रोसेसरचा. दोन वर्षांनी हेच यंत्र वेगळ्या खोक्यात अमेरिकेत गेलं, तेव्हा निन्टेंडोने त्यात कुलूप-चिप बसवली, म्हणजे परवानगीवाचून बनवलेली कॅसेट (गेम भरलेली, यंत्रात खोचायची डबी) चालू नये. जपानी फॅमिकॉमला असं कुलूप नव्हतं. तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने त्या चिपांच्या सुसंगत नकला बनवल्या आणि पुढे सगळं यंत्र एकाच चिपवर बसू लागलं. मग काय, प्लॅस्टिकचं खोकं ओतता येणारा कुणीही ‘व्हिडिओ गेम’ बनवू शकत होता. रशियात तो १९९२ पासून डेंडी नावाने विकला गेला. आपल्याकडे लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नाना नावं होती, पण कॅसेट याची त्याला चालायची, कारण साठ पिनांची ती फट सगळ्यांची एकच.

आता कॅसेटकडे येऊ. खरी गोष्ट तिथे आहे.

‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी किंवा लाल कॅसेट स्क्रू काढून उघडली तर आत बोटभर सर्किट आणि त्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसायचा. बाकी खोकं रिकामं. बाहेर मोठी बाई बंदुकीसकट, मागे स्फोट, विमानं, आणि यादीत दहा हजाराला एक कमी गेम. आत मोजून पाच-पंचवीस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. यादीतला सतरावा क्रमांक आणि एकशे सतरावा क्रमांक हा एकच गेम असायचा, फक्त दुसरा तिसऱ्या स्टेजपासून सुरू व्हायचा, नाहीतर लाईफ जास्त मिळायच्या. पोरांना हे दुसऱ्या दिवशी कळायचं, दुकानदाराला ते पहिल्यापासून ठाऊक असायचं.

पण या लबाडीमागे एक हिशोब होता. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या कॅसेटींमध्ये जास्तीत जास्त ४० किलोबाइट माल मावायचा: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं. पहिला सुपर मारियो ब्रदर्स बरोबर या मापाचा. बॅटल सिटी, रोड फायटर, सर्कस चार्ली, बॉम्बरमॅन, बायनरी लँड हे प्रत्येकी २४ किलोबाइटचे. गॅलक्सियन त्याहूनही लहान. आज मोबाइलवर आलेला ‘शुभ सकाळ’चा एक फोटो यापेक्षा जड असतो. यापुढचे मोठे गेम चालवायचे तर कॅसेटमध्ये जादा चिप घालावी लागायची, जी मेमरीचे कप्पे आळीपाळीने यंत्रापुढे ठेवायची. कॉन्ट्राला १२८ किलोबाइट लागायचे, मारियो ३ ला त्याच्या तिप्पट. शिवाय काही गेममध्ये प्रगती जपून ठेवायला बॅटरी असे. नकलाकारांना हे परवडायचं नाही असं नव्हे, पण लहान गेम शेकड्याने कोंबता येत असताना एका मोठ्या गेमवर खर्च कोण करणार? म्हणून कॉन्ट्राची कॅसेट महाग, वेगळी आणि मागून आणायची वस्तू झाली; मारियो १ घरोघरी गेला; बॅटरीवाले लांबलचक साहसी गेम आपल्या पिढीने बघितलेही नाहीत. जपानी पोरांनी १९८५ मध्ये जे खेळून बाजूला टाकलं, ते कमी जागा घेतं एवढ्याच कारणावर आपल्याकडे १९९८ मध्ये नवं म्हणून विकलं जात होतं.

नावं हरवली तीही याच वाटेत. मूळ गेमच्या पहिल्या पडद्यावर कंपनीचं नाव आणि साल असतं. नकलाकार ती ओळ पुसून टाकायचे, कधी गेमचं नावही बदलायचे. यादीत इंग्रजी स्पेलिंगचं जे काही व्हायचं त्याबद्दल न बोललेलं बरं. तेव्हा ‘टँकवाला’, ‘गाडीवाला’, ‘बदकवाला’ हीच अधिकृत नावं झाली.

टँकवाला म्हणजे नॅमकोचा बॅटल सिटी, १९८५. पस्तीस स्टेज, दर स्टेजला वीस रणगाडे, आणि खाली विटांच्या आडोशाला आपला गरुड. दोघांनी मिळून खेळायचा हा पहिला गेम, आणि भांडणाचाही पहिलाच. जोडीदाराची गोळी लागली तर आपण मरायचो नाही, नुसते लुकलुकत जागीच अडकायचो, आणि तेवढ्यात शत्रू येऊन काम तमाम करायचा. ‘दादा, तू मुद्दाम मारलीस!’ हे वाक्य कोणत्या घरात म्हटलं गेलं नसेल? घाईत स्वतःच्याच गरुडाला गोळी घालणारेही प्रत्येक गल्लीत होते. त्यातला कन्स्ट्रक्शन हा भाग, जिथे स्वतःचं मैदान मांडता यायचं, तो मला आजही त्या यंत्रावरचा सगळ्यात हुशार भाग वाटतो. पोरं मात्र त्याचा उपयोग एकाच कामासाठी करायची: गरुडाभोवती पोलादाची भिंत बांधायची आणि निवांत बसायचं.

सर्कसवाला गेम म्हणजे कोनामीचा सर्कस चार्ली. १९८४ मध्ये नाण्यांच्या यंत्रावर आला, १९८६ मध्ये सॉफ्ट प्रो कंपनीने फॅमिकॉमवर आणला. सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उड्या, मग दोरीवर माकडं, मग चेंडूवरून चालणं, घोडा, शेवटी झोपाळे. हा गेम सांगली जिल्ह्यात इतका चालावा हा योगायोग मला भारी वाटतो. भारतीय सर्कशीचे आद्य मालक विष्णुपंत छत्रे हे याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. मुंबईत आलेल्या किआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचे घोड्यांचे खेळ बघून त्यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. त्या मातीतली पोरं शंभर-सव्वाशे वर्षांनी जपान्याने काढलेल्या विदूषकाला सिंहावर बसवून उड्या मारायला लावत होती. आणि नेमक्या त्याच काळात खऱ्या तंबूतला सिंह निघून चालला होता: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घालणारी केंद्राची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कितीतरी पोरांनी सर्कशीतला सिंह पाहिला तो टीव्हीवरच, चार रंगांतला.

लाल गाडी म्हणजे कोनामीचाच रोड फायटर. बराच वेळ कुठे न धडकता गाडी हाणली की पडद्यावरून सुपरमॅनसारखा कुणीतरी उडत जायचा आणि गुण मिळायचे. तो सुपरमॅन नव्हता, कोनामी मॅन होता, कंपनीने स्वतःच्या नावाने उभं केलेलं पात्र. मित्रांना ‘मला सुपरमॅन दिसला’ सांगणाऱ्या पोराला थापाड्या ठरवलं जायचं, हा त्याच्यावर अन्यायच होता. दोन पेंग्विनचा गेम म्हणजे हडसन सॉफ्टचा बायनरी लँड, १९८५. ती जोडी आरशातल्यासारखी उलटसुलट चालते आणि दोघांना एकाच वेळी हृदयाच्या दोन बाजूंना आणायचं असतं. त्याच कंपनीच्या बॉम्बरमॅनचे पन्नास स्टेज संपवणारा आमच्या ओळखीत एकही नव्हता. म्हणून शेवट कुणाला माहीत नव्हता: यंत्रमानव बॉम्बरमॅन शेवटी माणूस होतो, आणि तो माणूस म्हणजे हडसननेच फॅमिकॉमवर आणलेल्या लोड रनरमधला सोनं गोळा करत पळणारा गडी. दोन्ही गेम एकाच कॅसेटमध्ये शेजारी असायचे, आणि ते एकाच माणसाची कथा सांगतात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आपण खेळलो तो मारियो जपान्यांच्या मारियोपेक्षा सावकाश होता, हेही सांगायला हवं. जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास वेळा. गेमची चाल चित्राच्या गतीला बांधलेली, त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांवर सगळंच साधारण सहाव्या हिश्शाने मंद व्हायचं, संगीतसुद्धा. आज मूळ गेम इंटरनेटवर लावला की ‘हे जरा पळतंय’ असं वाटतं ते त्यामुळे. लहानपणी आपण भारी खेळायचो आणि आता जमत नाही, यात वयाचा दोष थोडा कमी धरायला हरकत नाही.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, हा विधी जगभर सारखाच. फुंकरीने फारसं काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पिना नीट टेकायच्या, आणि तोंडाची वाफ उलट पिनांना गंज आणायची. टीव्ही रिपेरिंगवाले खोडरबर घेऊन पिना घासायचे, तो इलाज खरा. ‘गेम खेळल्याने पिक्चर ट्यूब जाते’ या घराघरातल्या सिद्धान्तात मात्र कणभर तथ्य होतं, कारण एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवलं तर काचेवर डाग धरायचा. त्यात भारनियमन. गेम जपून ठेवायची सोय नाही, लाईट गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. बॉम्बरमॅनचा लांबलचक पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर उतरवणारी पोरं त्यातल्या त्यात शहाणी.

घराबाहेरची दुनिया वेगळी होती. एसटी स्टँडच्या आसपास, थिएटरच्या बोळात, यात्रेच्या तंबूत नाण्यांवर चालणारी उभी यंत्रं असायची, आणि तिथे उभं राहिलेलं पोर दिसलं की ओळखीचा माणूस घरी निरोप पोचवायचा. तिथला राजा मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३, एका अमेरिकी कॉमिकवर आधारलेला. चार पात्रांत जॅक नायक होता, पण आपल्याकडे सगळ्यांना मुस्तफाच हवा असायचा, कारण तो सगळ्यांत चपळ आणि धावत येऊन त्याने घातलेली लाथ जोरदार. त्या काळात हा गेम कुठल्याच घरगुती यंत्रावर निघाला नाही, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत तो लवकर विस्मरणात गेला. आपल्याकडे रिक्षावालेसुद्धा त्याची आठवण काढतात.

पुढे कॉम्प्युटर क्लास आले, २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, आणि सर बाहेर गेले की डेंजरस डेव्ह सुरू व्हायचा. तो फ्लॉपीत मावायचा हेच त्याचं भाग्य. नंतर सीडीवर क्लॉ, रोड रॅश, आणि नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजचा प्रोजेक्ट आयजीआय, ज्यात मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. ते गेम अजून नावानिशी आठवतात, कारण डेस्कटॉपवर त्यांच्या नावाचं चिन्ह असायचं.

मूळ फॅमिकॉमचं उत्पादन जपानात २००३ मध्ये थांबलं. नकला त्यानंतरही विकल्या जात होत्या. सांगलीच्या गावभागात खालच्या मजल्यावर कपाटात जे काही ठेवलं होतं, ते २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात गेलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली होती. माळ्यावरच्या कॅसेटी मात्र बऱ्याचदा अजून चालतात, कारण त्या काळ्या ठिपक्यातली मेमरी कायमची कोरलेली असते. बदकं मारायची बंदूक सापडली तरी तिचा उपयोग नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा आणि बंदुकीला तो उजेड दिसला का ते बघायचं, अशी ती युक्ती होती. जुन्या डब्याटीव्हीच्या वेळेच्या हिशोबावर बसवलेली ही युक्ती एलसीडीवर चालत नाही.

आपली कॅसेट कुठली होती हे ओळखायचं असेल तर टँकवाल्यापासून सुरुवात करावी. पाण्यावरून रणगाडा नेणारी होडी मिळाल्याचं आठवत असेल, तर तो नॅमकोचा बॅटल सिटी नव्हे. ती नंतर कुणीतरी फेरफार करून काढलेली ‘टँक १९९०’ नावाची आवृत्ती. मूळ गेममध्ये पाणी म्हणजे पाणी, रणगाड्याला वळसाच घालावा लागायचा.